शुक्रजंतूंची शेपटी तोकडी का राहते?

वाचकाचं पत्र :

"डॉक्टरताई, सप्रेम नमस्कार. माझं वय 34, बायकोचं 29. बार्शीजवळच्या गावात आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. बायको माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. वडिलांनीही त्यांच्या मामाचीच मुलगी केलेली आहे. पहिली चार वर्षं फक्त हिच्याच तपासण्या झाल्या, दुर्बिणीतूनही बघितलं, सगळं नॉर्मल निघालं. मग माझी तपासणी केली. दोन वर्षांत तीन लॅबचे तीन रिपोर्ट आले. काउंट दर मिलीलिटरला 30 दशलक्षांच्या वर, पण पुढे जाणारे शुक्रजंतू शून्य आणि नॉर्मल आकाराचेही शून्य. तिन्हींत शेरा एकच : शेपट्या आखूड, गुंडाळलेल्या, काहींना शेपटीच नाही. जिवंत 60 टक्के. पावडरी, गोळ्या, काढे सगळं करून झालं. एका डॉक्टरांना सोनोग्राफीत बारीक व्हेरिकोसील दिसलं, ते ऑपरेशन सांगतात. दुसरे इक्सी सांगतात. तिसरे म्हणाले, सरळ डोनर घ्या. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती हिलाच देवऋषीकडे नेते, उपास धरायला लावते. ही काही बोलत नाही. मला व्यसन नाही, मोठा आजार नाही. मग माझंच असं का? औषध आहे का? मूल झालं तर त्यालाही हे होईल का? धाकट्या भावाचं लग्न हिच्याच बहिणीशी ठरत आलंय, त्याला काही सांगावं का? नाव छापू नये."

उत्तर :

नाव छापलेलं नाही. तिन्ही रिपोर्टांतले आकडे तुम्ही नीट उतरवून पाठवलेत, त्यामुळे मला मोघम बोलावं लागणार नाही. आधी मुख्य गोष्ट सांगते. तुमच्या वर्णनावरून हा दोष शुक्रजंतूच्या शेपटीच्या बांधणीतला दिसतो. तो बहुधा जनुकांतून आलेला आहे आणि त्यावर औषध नाही. तरीही तुमच्याच शुक्रजंतूपासून मूल होण्याची शक्यता चांगली आहे, आणि त्यासाठी इक्सी, म्हणजे प्रयोगशाळेत एक शुक्रजंतू सुईने थेट स्त्रीबीजात सोडणं, हाच रस्ता आहे.

रिपोर्ट पुन्हा समोर ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये वीर्य तपासणीची जी नवी पुस्तिका काढली, तिच्यात खालच्या मर्यादा दिल्या आहेत : दर मिलीलिटरला 16 दशलक्ष शुक्रजंतू, त्यांतले 30 टक्के पुढे जाणारे, 54 टक्के जिवंत, 4 टक्के नॉर्मल आकाराचे. संख्या आणि जिवंतपणा या दोन्हींत तुम्ही मर्यादेच्या वर आहात. म्हणजे वृषणांत शुक्रजंतू भरपूर तयार होताहेत आणि ते मेलेलेही नाहीत. त्यांना पोहता येत नाही, एवढंच. एखादा रिपोर्ट तापामुळे किंवा नमुना पोहोचायला उशीर झाल्यामुळे बिघडू शकतो. पण दोन वर्षांत तीन वेगवेगळ्या लॅबमधून शेपटीबद्दल तोच शेरा येतो, तेव्हा तो अपघात नसतो. तो शेरा लिहिणाऱ्या तंत्रज्ञांना मी मनापासून धन्यवाद देते. अनेक ठिकाणी "नॉर्मल 0 टक्के" एवढंच लिहिलं जातं, आणि मग दोष डोक्यात आहे, मानेत आहे की शेपटीत, हे कुणालाच कळत नाही. इथे सगळा निर्णय त्यावरच अवलंबून असतो.

आता "माझंच असं का?" या प्रश्नाकडे येते. याचं उत्तर जरा सविस्तर देते, कारण ते समजलं की पावडरींवरचा खर्च आपोआप थांबेल.

प्रत्येक पेशीच्या आत प्रथिनांचा एक सांगाडा असतो. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनापासून पोकळ सूक्ष्मनलिका बनतात, ॲक्टिनपासून बारीक तंतू बनतात. पेशीचा आकार, आतल्या मालाची ने-आण, पेशीचं विभाजन, सगळं या सांगाड्याच्या जोरावर चालतं. शरीरातल्या फार थोड्या पेशींना आपला आकार इतका बदलावा लागतो, जितका शुक्रजंतूला बदलावा लागतो. विभाजन संपतं तेव्हा ती एक साधी गोल पेशी असते. तिथून तिला चपटं, लांबट डोकं आणि त्याच्या दहापट लांब शेपटी मिळवायची असते. जवळपास सगळं पाणीदार द्रव्य टाकून द्यायचं असतं आणि गुणसूत्रं घट्ट आवळून घ्यायची असतात. मूळ पेशीपासून तयार शुक्रजंतूपर्यंतचा माणसातला हा प्रवास सुमारे 74 दिवसांचा मानला जातो. त्यानंतर वृषणाला चिकटलेल्या नळीत पक्व व्हायला आणखी काही दिवस जातात. कुठल्याही उपचाराचा परिणाम तीन महिन्यांनी बघायचा, असं डॉक्टर सांगतात ते यामुळेच.

या काळात गोल पेशीच्या केंद्रकाभोवती सूक्ष्मनलिकांचा एक तात्पुरता घेर उभा राहतो. त्याला मॅनशेट म्हणतात. इमारत बांधताना परांची उभारतात, तसा. तो डोक्याला आकार देतो, शेपटीसाठी लागणारा माल त्याच्यावरून मागे पोहोचतो, आणि काम झालं की तो विरघळून जातो. डोक्याच्या पुढच्या टोकाला ॲक्टिन आणि त्याच्या जातीची प्रथिनं टोपीसारखी पिशवी केंद्रकावर घट्ट बसवतात. स्त्रीबीजाचं आवरण भेदायची रसायनं त्या पिशवीत असतात. मागच्या बाजूला सेंट्रिओल नावाची इवलीशी रचना असते, आणि तिच्यापासून शेपटी वाढू लागते.

शेपटीची रचना विलक्षण आहे. आडवा छेद घेऊन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितलं, तर मधोमध दोन सूक्ष्मनलिका आणि त्यांच्याभोवती वर्तुळात सूक्ष्मनलिकांच्या नऊ जोड्या दिसतात. प्रत्येक जोडीला दोन प्रकारचे हात असतात, एक बाहेरचा, एक आतला. हे हात डायनीन या प्रथिनाचे. इयन गिबन्स यांनी 1963 मध्ये ते एका सूक्ष्मजीवाच्या केसांसारख्या अवयवांतून वेगळं काढलं. डायनीन ऊर्जा खर्च करून शेजारच्या जोडीला ओढतं, जोड्या एकमेकींवरून सरकतात, त्या एकमेकींना बांधलेल्या असल्यामुळे सरकण्याचं वाकणं होतं आणि शेपटी वळवळते. या गाभ्याभोवती जाड तंतूंचं आणि तंतुमय आवरणाचं वेष्टण असतं, आणि मानेजवळ ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांचा वेढा असतो. हे सगळं उभं करायला शेकडो प्रथिनं लागतात. त्यांतलं एखादं महत्त्वाचं प्रथिन बनलंच नाही, तर शेपटी आखूड राहते, गुंडाळते, कुठे जाड कुठे बारीक होते, किंवा येतच नाही.

तुमच्या रिपोर्टात नेमकं हेच वर्णन आहे. डॉक्टरांच्या कागदांवर याला एमएमएएफ म्हणतात, म्हणजे शेपटीच्या आकारात एकाच वेळी अनेक प्रकारचे दोष. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या संशोधकांनी 2014 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या काही पुरुषांत या दोषाचं कारण शोधलं. डीएनएएच1 या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. हे जनुक डायनीनच्या आतल्या हाताचा एक मोठा भाग बनवतं. त्या पुरुषांच्या शुक्रजंतूंत आतले हात नव्हते आणि बऱ्याचदा मधली जोडीही गायब होती. त्यानंतर सीएफएपी43, सीएफएपी44 अशी अशाच कामाची कितीतरी जनुकं सापडली. तुमच्यात यांतलं कुठलं आहे, की वेगळंच आहे, हे तपासणीशिवाय सांगता येणार नाही. पण तुम्ही काही खाल्लं, केलं किंवा केलं नाही म्हणून हे झालेलं नाही. लहानपणी गालगुंड झाला होता का, सायकलवरून पडला होतात का, असले हिशेब आता मनातून काढून टाका.

औषध का नाही, तेही यातच आलं. तुमच्या वृषणात रोज कोट्यवधी नवे शुक्रजंतू घडतात, पण प्रत्येक जण त्याच अपुऱ्या सूचनेवरून घडतो. तयार झालेला शुक्रजंतू स्वतःची दुरुस्ती करू शकत नाही. डोक्यात गुणसूत्रं इतकी आवळलेली असतात की तिथे नवी प्रथिनं बनवण्याचं काम जवळजवळ बंदच असतं. त्यामुळे जस्त, फॉलिक ॲसिड, कोएन्झाइम, अश्वगंधा यांतलं काहीही ती शेपटी पुन्हा बांधू शकत नाही. साध्या, अशा दोषाशिवायच्या पुरुषांतही या गोळ्यांचा भरवसा कमीच आहे. अमेरिकेत 2,370 जोडप्यांवर जस्त आणि फॉलिक ॲसिडची काटेकोर चाचणी झाली, 2020 मध्ये निष्कर्ष आले. गोळ्या घेणाऱ्यांत वीर्य सुधारलं नाही, मुलं जन्मण्याचं प्रमाण वाढलं नाही, पोटाच्या तक्रारी मात्र वाढल्या. तुमच्या कपाटात जे डबे उरले असतील ते संपवायच्या मागेही लागू नका.

व्हेरिकोसीलच्या, म्हणजे वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरांच्या, ऑपरेशनबद्दलही मी स्पष्टच बोलते. हाताला न लागणारं, फक्त सोनोग्राफीत दिसणारं व्हेरिकोसील मूल नसलेल्या कितीतरी पुरुषांत सापडतं, आणि भरपूर मुलं असलेल्यांतही. तुमच्यासारख्या रिपोर्टात ते ऑपरेशन करून शेपट्या लांब होणार नाहीत. वाट बघण्यात सहा-आठ महिने जातील, आणि तुमच्या बायकोच्या वयाचे महिने या सगळ्यात सगळ्यात मोलाचे आहेत.

एका गोष्टीची खातरजमा मात्र आधी करा. तुम्ही मोठा आजार नव्हता म्हणता, पण मी नेमकं विचारते : जन्मल्याबरोबर श्वासाचा त्रास होऊन तुम्हाला दवाखान्यात ठेवलं होतं का? वर्षभर, उन्हाळ्यातसुद्धा, ओला खोकला असतो का? नाक कायम चोंदलेलं, सायनसचा त्रास, लहानपणी कान वाहणं? छातीच्या एक्स-रेत हृदय उजवीकडे दिसल्याचं कुणी कधी म्हणालं होतं का? हे विचारण्यामागे कारण आहे. श्वासनलिकेतला कफ वर ढकलणारे सूक्ष्म केस त्याच नऊ जोड्या आणि मधली जोडी अशा रचनेचे असतात. स्टॉकहोमचे ब्यॉर्न ॲफ्झेलियस यांनी 1976 मध्ये दाखवून दिलं की ज्यांचे शुक्रजंतू हलत नव्हते आणि ज्यांना कायमचा खोकला-सायनस होता, अशा पुरुषांत दोन्ही ठिकाणी डायनीनचे हात गायब होते. त्यांतल्या काहींचं हृदय उजवीकडे होतं. यांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर हो असेल तर छातीच्या डॉक्टरांना शेपटीचा हा रिपोर्ट दाखवा. वंध्यत्वाच्या दवाखान्यात फुप्फुसांकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि फुप्फुसं वेळेवर सांभाळली नाहीत तर ती कायमची खराब होतात. उत्तरं नाही असतील तर उत्तम. डीएनएएच1 सारख्या जनुकांत बिघाड असलेले बहुतेक पुरुष एरवी ठणठणीत असतात.

आता इक्सी. 1992 मध्ये ब्रसेल्सच्या एका गटाने या पद्धतीने झालेल्या पहिल्या गर्भधारणा जाहीर केल्या, आणि पोहू न शकणाऱ्या शुक्रजंतूंचा प्रश्नच बदलून गेला. बारीक काचेच्या सुईने एक शुक्रजंतू उचलून थेट स्त्रीबीजात सोडतात. पोहण्याची गरज उरत नाही, त्यामुळे शेपटीचा दोष आड येत नाही. डीएनएएच1 च्या रुग्णांत इक्सीचे निकाल चांगले आहेत. ही मोठ्या समाधानाची गोष्ट आहे, आणि डोनर सुचवणाऱ्या डॉक्टरांनी ती तुम्हाला सांगायला हवी होती. डोनर घेण्यात काहीही कमीपणा नाही. पण तो तुम्ही दोघांनी विचार करून घेतलेला निर्णय असावा, स्वतःचे शुक्रजंतू न वापरताच कुणी पुढे केलेली सोय नसावी.

अडचण वेगळीच आहे. एरवी हलतोय म्हणजे जिवंत, असं बघून शुक्रजंतू निवडतात. तुमचे कुणीच हलत नाहीत, मग मेलेला उचलला जायची भीती असते. यासाठी पद्धती आहेत. शुक्रजंतू पातळ द्रावात ठेवला की जिवंत पेशीत पाणी शिरून शेपटी फुगते, वळते. पेंटॉक्सिफायलीनसारख्या औषधाने काहींत किंचित हालचाल जागी होते. काही केंद्रांत लेझरचा बारीक स्पर्श शेपटीच्या टोकाला करतात, जिवंत असेल तर ती वळते. तुमच्या शेपट्या आधीच गुंडाळलेल्या आहेत, त्यामुळे पहिली पद्धत वाचायला अवघड जाईल. म्हणून केंद्र निवडताना इमारत आणि जाहिरात बघू नका. तिथल्या एम्ब्रिऑलॉजिस्टला, म्हणजे प्रयोगशाळेत स्त्रीबीज-शुक्रजंतू हाताळणाऱ्या तज्ज्ञाला, भेटायला मागा आणि विचारा : "शंभर टक्के न हलणाऱ्या नमुन्यातून जिवंत शुक्रजंतू तुम्ही कसे निवडता?" ज्याला हे काम येतं तो दोन मिनिटांत समजावून सांगेल. भेटूच देत नाहीत म्हणाले, तर दुसरं केंद्र बघा. स्त्रीबीजं काढायच्या दिवशी ताजाच नमुना द्या. गोठवण्यात बरेच शुक्रजंतू मरतात, आणि तुमच्या बाबतीत मेलेला-जिवंत ओळखणंच कठीण आहे. त्या दिवशी नमुना देता येणार नाही अशी धास्ती वाटत असेल, तर आधीच सांगून ठेवा. ती अगदी नेहमीची गोष्ट आहे.

केंद्र 2021 च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याखाली नोंदणीकृत आहे का, ते बघा. एका चक्राचा पूर्ण खर्च, औषधं आणि गर्भ गोठवण्याचं भाडं धरून, लेखी घ्या. आणि पहिल्या फेरीत यश येईलच असं धरून चालू नका. इक्सीत यश ठरवण्यात सर्वांत मोठा वाटा स्त्रीच्या वयाचा असतो. 29 हे वय तुमच्या बाजूचं आहे.

इक्सीआधी जनुकांची तपासणी करून घ्या, असं मी आग्रहाने सांगेन, आणि तो खर्च पावडरींच्या वाचलेल्या पैशातून निघेल. एक्झोम सिक्वेन्सिंग नावाची रक्ताची तपासणी असते. तिच्यात दरवेळी कारण सापडतंच असं नाही, पण सापडलं तर दोन फायदे होतात. पहिला इक्सीसाठी. शुक्रजंतू फक्त गुणसूत्रं आणत नाही, माणसाच्या गर्भाला पहिलं सेंट्रिओलही त्याच्याकडूनच मिळतं, आणि गर्भाची पहिली विभाजनं त्याच्या आधाराने होतात. दोष सेंट्रिओलशी संबंधित जनुकात असेल, तर शुक्रजंतू आत सोडूनही गर्भ वाढत नाही, असं दिसून आलं आहे. ॲक्टिनच्या जातीतल्या एसीटीएल7ए, एसीटीएल9 या जनुकांत बिघाड असेल, तर स्त्रीबीजाला जागं करणारा घटकच शुक्रजंतूवर नीट बसत नाही आणि फलन होत नाही. तिथे कॅल्शियम आत जाऊ देणारं रसायन वापरून स्त्रीबीज जागं करता येतं. म्हणजे जनुकाचं नाव कळलं की एम्ब्रिऑलॉजिस्टला आधीच तयारी करता येते. पैसे आणि बायकोची इंजेक्शनं वाया गेल्यावर शिकण्यापेक्षा हे चांगलं.

दुसरा फायदा तुमच्या मुलांचा. इथे नात्याचा विषय येतो, तो शांतपणे वाचा. अशा दोषात सहसा जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एकच प्रत बिघडलेला माणूस, म्हणजे वाहक, पूर्ण निरोगी असतो, त्याला आयुष्यभर पत्ता लागत नाही. तुमच्या आईचे वडील आणि तुमच्या वडिलांची आई ही सख्खी भावंडं. त्यांच्या आई-वडिलांपैकी एकाकडे अशी एक प्रत असावी. ती दोन्ही फांद्यांतून उतरून तुमच्यापाशी एकत्र आली, असं असण्याचा संभव मोठा आहे. आते-मामे लग्न आपल्याकडे अनेक घरांत मानाने केलं जातं आणि बहुतेकांची मुलं निरोगी असतात. तुमच्या आई-वडिलांनी काही चूक केली असं मी म्हणत नाही. त्यांना हे कळायला मार्गच नव्हता.

मात्र तुमची बायकोही त्याच घरातली आहे. मामांमध्ये ती प्रत उतरली असण्याची शक्यता दोनात एक, आणि मामांकडून हिच्यात येण्याची पुन्हा तेवढीच. म्हणजे ती वाहक असण्याची शक्यता चारात एक. वाहक नसेल, तर तुमचं कुठलंही मूल फक्त वाहक असेल, निरोगी असेल. ती वाहक असेल, तर प्रत्येक अपत्याला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता निम्मी, आणि मुलगा असेल तर त्याला तुमचाच त्रास होईल. मुलींना अशा दोषाचा सहसा काही त्रास होत नाही. तुमचं जनुक कळलं की बायकोच्या एका रक्ताच्या नमुन्यात उत्तर मिळतं. ती वाहक निघालीच, तर गर्भाची जनुकीय तपासणी करायची की नाही, याबद्दल जनुकीय समुपदेशकाशी बोला. मुंबईत परळला राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आहे, मोठ्या सरकारी रुग्णालयांतही जनुकशास्त्राचे विभाग आहेत. "मग मुलगीच निवडून द्या" असं मात्र कुणाला म्हणू नका आणि कुणी सुचवलं तर ऐकू नका. लिंगनिवड हा 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे, गर्भ रुजवण्याआधीसुद्धा. आणि समजा तुमच्या मुलाला हा दोष आलाच, तरी तो निरोगी, कर्तासवरता माणूस असेल, त्याच्यासाठीही आज तुमच्यापुढे आहे तोच उपाय असेल. त्या भीतीने मूलच नको, असं मला तरी वाटत नाही.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीबद्दल. तुमचे रिपोर्ट येऊन दोन वर्षं झाली आणि या दोन वर्षांत उपास तुमची बायको करते आहे. देवऋषीपुढे ती बसते आहे. जाऊबाईंच्या, शेजारणींच्या नजरा ती झेलते आहे, आणि कारण तिला माहीत असूनही ती गप्प आहे, तुमची अब्रू राखायला. हे आजच्या आज थांबवा. आई तिची आत्या आहे, तिच्यावर माया असणारच. खरं कळलं तर ती तिला त्रास देणार नाही, असं मला वाटतं. तुम्हीच सांगायचं, बायकोने नाही, डॉक्टरांनीही नाही. लांबलचक समजावणी नको. "आई, तपासणीत दोष माझ्यात निघाला आहे. जन्मापासूनचा आहे. हिच्यात काही नाही. उपाय आहे, आम्ही तो करतो आहोत. आता हिला कुठे न्यायचं नाही." एवढं पुरे. आई रडेल, कदाचित विश्वास ठेवणार नाही, तुम्हालाच कुठेतरी न्यायचं म्हणेल. तिला वेळ द्या. पुरुषत्वाशी याचा संबंध नाही, हेही तिला आणि स्वतःला सांगा. हार्मोन, इच्छा, ताकद यांतलं काहीही या दोषाने कमी होत नाही. ज्या प्रथिनाची गोष्ट आपण करतो आहोत, ते एका पेशीची शेपटी बांधतं, बस.

आणि भावाचा प्रश्न. हो, त्याला सांगा, आणि लग्न ठरण्याआधी सांगा. सख्खा भाऊ म्हणून त्याच्यातही हाच दोष असण्याची शक्यता चारात एक आहे. त्याने एक साधी वीर्य तपासणी करून घ्यावी, खर्च फार नाही. शेपटीबद्दलचा शेरा आवर्जून मागावा. रिपोर्ट चांगला आला तरी तो वाहक असू शकतो, आणि होणारी नवरीही चारात एक शक्यतेने वाहक आहे, तेव्हा तुमचं जनुक कळल्यावर त्या दोघांनी रक्त तपासून घेणं शहाणपणाचं. लग्न मोडाच असं मी सांगणार नाही, तो त्या दोघांचा निर्णय आहे. पण त्या मुलीलाही हे कळायला हवं, मुहूर्त धरण्याआधी. रिपोर्ट भावाच्या हातात तुम्ही स्वतः द्या, मामांच्या कानावर त्याच्या संमतीनेच घाला. तुमच्या जनुक तपासणीला काही आठवडे लागतील. तोवर साखरपुडा पुढे ढकलायला एखादं कारण सांगावं लागलं, तर माझ्या तपासणीचा निकाल यायचा आहे, हेच सांगा.